मेंढीच्या पाठीवरचं इंडिकेटर

हसा लेको माझ्या सायकलच्या बॅगेला, पण आधी हे ऐका. बॅगेला मी घरीच लाल लाईट बसवले अन् डाव्या-उजव्या इंडिकेटरची दोन बटनं लावली. परवा केजहून येताना दिवस मावळला होता. पुढं एक धनगर मामा मेंढरं घेऊन कडंकडंनं चाललेले. एक लंगडी मेंढी लई मागं राहिलेली अन् गाड्या तिला घासून जायच्या.

मामा म्हणाले, "पुढच्या मेंढ्याच्या गळ्यात घंटी हाय, हिला कायच न्हाई. तुजी ती चमकणारी पिशवी दे की जरा."

मी बॅग मेंढीच्या पाठीवर बांधली. बांधताना उजवं बटन दबलं, ते अडकूनच बसलं. मागनं ट्रक आला, हळू झाला, अन् पुढं जाईचना. शेवटी ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं.

"ओ मामा, ही मेंढी उजवीकडं वळणार हाय का न्हाई?"

मामांनी मागं वळूनबी बघितलं न्हाई.

"वळंल की. आज पलीकडच्याच वावरात मेंढरं बसवायचीत. लंगडी हाय बाबा, जरा दम धर."