मलेट म्हणजे नेमकं काय

(लेकीचं सलून. गिऱ्हाईक नुकतंच उठून गेलंय. बाबा भिंतीलगतच्या बाकावर.)

बाबा : काहीतरीच! अगं, मलेट म्हणजे बोय. चाळीस वर्षं विकतोय मी. ती बया तुझ्याकडे डोक्यावर मासा मागत होती?

लेक : बाबा, ती केसांची तऱ्हा आहे. पुढे नि बाजूला आखूड, मागे मानेवर लांब.

बाबा : मग नाव माशाचं कशाला?

लेक : मीही शोधलं. माशाचं नाव फार जुनं, पार लॅटिनपर्यंत जातं. केसांचं अलीकडचं, तीसेक वर्षांचं. ते कुठून आलं, कुणालाच धड ठाऊक नाही. इंग्रजीत पूर्वी मठ्ठ माणसाला ‘मलेटडोक्या’ म्हणत, त्यावरून असेल म्हणतात.

बाबा : बोय आणि मठ्ठ? साफ खोटं! जाळं ओढलं की बाकीची मासळी गपगार. ही दोरावरून टणकन उडी मारून पसार! आम्ही शिव्या घालायचो, पण बघताना हात थांबायचे.

लेक : मी मासळीचं दुकान सोडलं, तेव्हा नुसत्या शिव्याच घातल्यात.

बाबा : घातल्या. लोकांची डोकी भादरणार का, म्हणालो. तीन वर्षं इकडे फिरकलो नाही.

लेक : मग आज?

बाबा : तुझी आई म्हणाली, एकदा नुसतं बघून तरी या. मघापासून तेच करतोय. कात्री उचलायच्या आधी तू तिचं डोकं बोटांनी चाचपलंस. कानापाशी आलीस की तुझा श्वास थांबतो. माझा सुरा असा चालायला वीस वर्षं गेली, पोरी.

लेक : आधी हात, मग धार. तुमच्याच शेजारी उभी राहून शिकले ना.

बाबा : लोणी लावू नकोस. हो बाजूला, बसू दे खुर्चीत. मलाही तेच कर.

लेक : मलेट? आई घरात घेणार नाही!

बाबा : तिचं मी बघतो.

लेक : पण मागे केस आहेत कुठे? वाढायला सहा महिने लागतील. तोवर पुढचे कापायला दर महिन्याला यावं लागेल.

बाबा : येईन की.