पहिल्या खेळाची सुई

गोड? — माझा आवाज गोड होता? एवढं सांगायला तुम्ही दोन बस बदलून ग्लेनडेलला आलात? बसा. ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या. बैल गेला अन् झोपा केला — एकोणतीस साली म्हणायचं होतंत की! तेव्हा तुम्ही पाळण्यात असाल म्हणा, पण तुमच्या पेपरच्या धंद्यातले थोरले काही पाळण्यात नव्हते. काय लिहिलं त्यांनी? पाठ आहे मला — ‘व्हर्ना लिंडक्विस्ट बाई बोलल्या आणि मूकपटांची थोरवी कळली.’ दुसऱ्यानं लिहिलं, बाईंचं प्रेम नायकापेक्षा फुलदाणीवर जास्त. अहो, माइक फुलदाणीत लपवलेला! सगळेच फुलदाणीशी बोलत होतो, नायकसुद्धा — पण त्याच्या वाट्याला ‘भारदस्त’, आणि माझ्या वाट्याला फुलदाणी.

मग लोक हसले का, म्हणताय? हसणारच! तुम्ही परवा युनिव्हर्सिटीत पाहिलात तसा ‘कॅप्टन पेल्हमची विधवा’ हा सिनेमा त्यांनी पाहिलाच कुठे? तेव्हा आवाज वेगळ्या तबकडीवर असायचा — परातीएवढी तबकडी, तिच्यावर सुई, आणि चित्राच्या जोडीनं ती फिरायची. पहिला खेळ, झाडून सगळे टीकाकार समोर. कोर्टातला प्रसंग — मी न्यायाधीशापुढे गुडघे टेकून रडतेय — आणि सुई उडाली! ओठ माझे, आवाज त्या न्यायाधीशाचा — ‘या बाईला फाशी द्या!’ मीच मला फाशी दिली, बघा. रीळ संपेपर्यंत तेच चाललं. लोक पोट धरून हसत होते आणि मी तिथंच, चौथ्या रांगेत, नवा झगा घालून. दुसऱ्या दिवसापासून तबकडी नीट वाजली हो, पण पेपर निघाले होते ना! एकानं तरी पुन्हा येऊन ऐकावं? कंपनीनं करार मोडला, आणि मी दुकानात बायकांना हातमोजे घालून दाखवायला लागले — तिथं आवाज लागत नाही.

कुणाच्या हातून झालं? मला काय ठाऊक! असेल कुणी बिचारा वरच्या खोलीत, सिनेमाचं यंत्र चालवणारा. माझं रडणं बघून डोळे पुसायला गेला असेल, सुईला कोपर लागलं असेल — मला कसं ठाऊक म्हणजे? अंदाज हो! — बघा, दुसऱ्या दिवशी उजाडताच, पुढचा खेळ लागायच्या आधीच, दारात एक माणूस उभा, हातात लिंबांची पिशवी. म्हणाला, ‘बाई, तुमचं ते वाक्य — माझ्या मुलीला काही सांगू नका — काळजात रुतलं.’ आता ते वाक्य त्या खेळात कुणी ऐकलंच नव्हतं, तिथं तर न्यायाधीश गरजत होता! ऐकलं असेल तर पहिल्या खेळाआधी तबकडी वाजवून बघणाऱ्यानं. मी लिंबं घेतली. विचारलं नाही. सहा महिन्यांनी लग्न केलं.

हो — ओट्टोच. मागे झाडांना पाणी घालतोय तो. मला सांगतो, तेव्हा विजेची फुटकळ कामं करायचो. सिनेमाला म्हणून नेत नाही, डोळे दुखतात म्हणे. मी त्याला सांगत आलेय, लोक हसले ते माझ्या वाईट आवाजालाच; मला कळलेलं नाही असं त्याला वाटतं — वाटू दे. राग? येतो की! समोर बसून सूप भुरकतो ना, तेव्हा वाटतं, ओरडून सांगावं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. पण माझा आवाज ऐकून रडलेला माणूस जगात एकच, आणि माझं वाटोळंही त्यानंच केलं — आता भांडायचं तरी कुणाशी?

हे — हे लिहू नका. नाही, सुईचंही नाही! सुई उडाली असं छापलंत, तर मला ठाऊक आहे हे त्याला कळेल. रोज पेपर वाचतो तो, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. माझं नाव धुऊन निघेल? निघेल हो — आणि ते नाव घेऊन मी कुठं जाऊ या वयात? तो दुसऱ्या दिवसापासून माझ्या नजरेला नजर देणार नाही. ठेवा ते पेन खिशात — ठेवा म्हणते ना!

— अरे, ये ओट्टो, चिखलाचे बूट बाहेर काढ. हे पेपरवाले. निघालेच आहेत. आपला तो जुना सिनेमा पाहिला म्हणे त्यांनी. म्हणतात, तेव्हाच्या टीकाकारांचं अगदी बरोबर होतं — माझा आवाज वाईटच होता. — हो ना हो? सांगा त्याला.

सांगा, आणि निघा.