एक अभ्यासक, एक फॉर्मा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले कुलगुरू प्रा. ब्रानिमिर येव्तिच, वेळात वेळ काढून आलेल्या नगराध्यक्षा श्रीमती स्लावित्सा बोयानिच, मंचावर अंमळ दाटीवाटीनेच बसलेले सर्व अधिष्ठाते, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, छापखान्याची मंडळी, आणि चहापाण्याच्या आशेने मागच्या दारापाशी उभे राहिलेले माझे सगळे मित्र, आपणा सर्वांना वुकाशिन गावरिचचा नमस्कार.

कुलगुरूंनी आत्ता माझ्याविषयी जे सांगितलं ते ऐकताना मला वाटलं, हा गृहस्थ कोण आहे, एकदा भेटायला हवं. एकोणतीस वर्षं विद्यापीठाच्या वार्षिकाचं संपादन केलं, हे खरं. पण संपादन म्हणजे काय केलं? लॅटिन शिकवणारा माणूस मी. मला विज्ञान कळत नाही, वैद्यक कळत नाही, शेतकी तर मुळीच नाही. मला स्वल्पविराम कळतो. त्या भांडवलावर मी एकोणतीस वर्षं काढली.

आणि काय काय वाचलं म्हणून सांगू! हिवाळ्यात पोळ्यातल्या मधमाश्यांचं वजन किती घटतं. पुलाच्या सिमेंटात पहिली भेग कुठे पडते. मध्ययुगीन मठातले साधू उपासाला काय खात (वाटतं त्यापेक्षा बरंच). कर्णबधिर मुलं आपापसात खुणांचे विनोद कसे करतात. ट्रॅक्टरच्या टायरची झीज, थडग्यांवरचे शिलालेख, डुकरांचा खोकला. सगळं एकाच पुठ्ठ्यात, लेखकांच्या आडनावांच्या क्रमाने. त्यामुळे डुकरांच्या खोकल्याशेजारी एकदा बिशपसाहेबांचं चरित्र आलं आणि मला चर्चमध्ये जाऊन माफी मागावी लागली.

हसा, हसा. पुढे हसण्यासारखं फार नाही.

आपल्या वार्षिकाचा एक नियम आहे. माझ्या आधीच्या संपादकांच्या काळात एका इतिहासकाराने एकट्याने ऐंशी पानं अडवली, तेव्हा भौतिकीवाले छापखान्याच्या दारात आडवे झाले होते म्हणे. तेव्हापासून ठरलं, एक अभ्यासक, एक फॉर्मा. सोळा पानं. मग तुम्ही सम्राटावर लिहा नाहीतर गोगलगाईवर. मला या नियमाचा अभिमान होता. एरवी आपल्याकडे कोण कुणाला समान लेखतं? आणि त्याच्या जोडीला एक न लिहिलेला नियमही आपण पाळत आलो, शेजाऱ्याच्या ताटात डोकवायचं नाही. अंक हातात आला की प्रत्येक जण आपला लेख काढतो, आपलं नाव नीट छापलंय का बघतो आणि अंक कपाटात ठेवतो. खरं सांगा, यापेक्षा वेगळं काही करणारा कुणी आहे इथे? असेल तर हात वर करा.

अख्खा अंक वाचणारा माणूस एकच, संपादक.

सहा वर्षांपूर्वीच्या अंकात चार लेख असे होते की त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. आपले ग्रादिमिर पावकोविच, लोकसाहित्यवाले. आता ते नाहीत, देव त्यांना शांती देवो. त्यांनी डोंगराकडच्या बायकांच्या म्हणी गोळा केल्या होत्या. त्यांतली एक व्रेलोश गावातली होती. गावाच्या वर एक कुरण आहे, त्याला नवरीचं कुरण म्हणतात. बायका सांगत, "त्या कुरणात खुंटा ठोकू नये. खाली नवरी निजलीय, ती कूस बदलते." दुसरा लेख वैद्यक शाखेचा, व्रेलोशच्या शाळकरी मुलांची सांधेदुखी. शाळेच्या भिंती ऑगस्टातल्या कोरड्या उन्हाळ्यातही ओल्या असतात, असं त्यात एक वाक्य होतं. तिसरा वनस्पतिशास्त्राचा. व्रेलोशच्या उतारावर जिथे आलुबुखाराची झाडं होती तिथे आता लव्हाळे माजलेत आणि उरलेली झाडं एकाच बाजूला कलली आहेत. चौथा लेख जमिनीखालच्या पाण्याचा, डॉ. नेवेन्का तेर्झिच यांचा.

नेवेन्का आमच्याच इमारतीत वाढली. ती शाळेत होती तेव्हापासून मी तिला जिन्यात भेटत आलो. तिचा लेख एकोणीस पानांचा आला. मी तिला बोलावून घेतलं.

"तीन पानं काढ."

"कुठली काढू, काका?"

"ही तक्त्यांची. गावांची नावं, विहिरीतलं पाणी, उतारावर मोजणीला ठोकलेल्या खुंट्यांची अंतरं. हे कोण वाचणार?"

"ती काढली तर उरतं काय?"

"सिद्धांत उरतो की."

"सिद्धांत घसरत नसतो, काका. उतार घसरतो. आणि त्या उताराच्या खाली शाळा आहे."

"मग नगरपालिकेला पत्र लिही, बाई. वार्षिक म्हणजे काही तक्रारवही नाही."

"लिहिलंय. ते म्हणतात, छापील दाखवा."

"मग सोळा पानांत बसव आणि दाखव!"

मी असं म्हणालो. या तोंडाने. मला वाटलं, पोरगी हट्टी आहे, आज हिला तीन पानं दिली तर उद्या पुराणवस्तूवाले सहा मागतील. तिने माझ्यासमोर बसून, माझ्याच पेनने, ती तीन पानं काढली. लेख छापून आला. त्यात सिद्धांत होता. व्रेलोशचं नाव कुठेही नव्हतं. ती तो अंक घेऊन नगरपालिकेत गेली. तिथल्या कारकुनाने पानं उलटली आणि विचारलं, "यात आमचं गाव कुठाय?" त्याचंही बरोबरच होतं. नगराध्यक्षबाई, तुम्ही तेव्हा पदावर नव्हता, म्हणून तुमच्यासमोर मोकळेपणाने बोलतोय.

पण मी ते चारही लेख वाचले होते. निजलेली नवरी, ओल्या भिंती, लव्हाळे आणि ती तीन पानं. दोन महिने ते माझ्या टेबलावर होते. माझ्या ते लक्षात आलं नाही असं म्हणायची सोय असती तर किती बरं झालं असतं! आलं होतं लक्षात. अंकाच्या प्रकाशनाला मी याच मंचावरून म्हणालो, "यंदा सगळ्या विद्याशाखा व्रेलोशलाच गेलेल्या दिसतात. तिथली आलुबुखाराची राकिया प्यायला चांगली असणार!" सभागृह खळखळून हसलं. इथे बसलेल्यांतले निम्मे तरी तेव्हा हसले असतील. नेवेन्का दुसऱ्या रांगेत होती. ती हसली नाही, आणि मला तिचा राग आला, हेही सांगून टाकतो.

मार्चमध्ये बर्फ वितळलं. सकाळी सव्वानऊला, दुसरा तास सुरू असताना, नवरीचं कुरण खाली आलं. सहा मुलं आणि त्यांच्या बाई.

ब्रानिमिर, घड्याळाकडे बघू नका. थोडंच राहिलंय.

चौकशी समिती बसली. समितीने विचारलं, विद्यापीठाच्या तज्ज्ञाने गावाचं नाव घेऊन इशारा का दिला नाही? नेवेन्का म्हणाली, दिला होता, तीन पानं होती. समितीने मला बोलावलं. "लेखातून काही वगळण्यात आलं होतं का?" मी उभा राहिलो, कोटाचं बटण लावलं आणि म्हणालो, "लेखिकेने लेख स्वतःच्या हाताने संक्षिप्त केला." यातला एक शब्दही खोटा नाही. आयुष्यभर भाषा शिकवली, तिचा त्या दिवशी असा उपयोग झाला. अहवालात लिहिलं गेलं, संबंधित संशोधिकेचा हलगर्जीपणा. शरद ऋतूत तिची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. आज ती नदीपलीकडच्या शहरात घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचते. त्याच वर्षी मला विद्यापीठाचं मानचिन्ह मिळालं. टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या. तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्हाला बोल लावत नाही.

वर्षश्राद्धाला मी व्रेलोशला गेलो होतो. का गेलो ते विचारू नका. कबरींपाशी शिजवलेल्या गव्हाचा गोड घास वाटत होते. तोमानिया नावाची एक म्हातारी आली. ग्रादिमिरने त्या म्हणी जिच्याकडून उतरवून घेतल्या तीच ही. तिची नात त्या सहांत होती. तिने माझ्या हातावर घास ठेवला आणि विचारलं, "तुम्हीच ना ते, पुस्तक करणारे? आमचा तो पावकोविच सांगायचा, सगळं वाचणारा एकच माणूस आहे म्हणून."

"हो, मीच."

"मग वाचलं होतंत ना सगळं?"

"वाचलं होतं, आजी."

"मग?"

एवढंच विचारलं तिने. शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती. तो घास मी खिशात घेऊन आलो.

आता मुख्य गोष्ट. ज्या माणसाचा सत्कार असतो, त्याच्या गौरवग्रंथात शेवटचा एक फॉर्मा त्याचा असतो, ही आपली रीत. त्याची छपाईआधीची मुद्रितं दुसरं कुणी बघत नाही. आज दाराशी तो ग्रंथ तुम्हा सगळ्यांना मिळाला आहे. चौदा विषयांतल्या तेवीस मित्रांनी माझ्यासाठी लिहिलंय, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. माझा फॉर्मा मात्र मी लिहिलेला नाही. त्यावर नाव आहे डॉ. नेवेन्का तेर्झिच. पहिली तीन पानं तीच. त्यानंतर तिचं नगरपालिकेला गेलेलं पत्र आणि समितीपुढची माझी साक्ष, जशीच्या तशी. छापखान्याला दोष देऊ नका, त्यांनी संपादकाचं ऐकलं.

महिन्यापूर्वी मी तिच्याकडे परवानगी मागायला गेलो. तिने मला दारातच उभं केलं. मी म्हणालो, "नेवेन्का, तुझं नाव धुऊन निघेल."

"माझं नाव राहू द्या बाजूला," ती म्हणाली. "तक्ता पुरा वाचलात का कधी? त्यात दोन उतार आहेत."

मी वाचला नव्हता. ज्याने सगळं वाचलं म्हणून तुम्ही आज शाल घालताय, त्याने तक्त्याची खालची ओळ वाचली नव्हती. दुसरा उतार पाडिना वस्तीच्या वर आहे. गेली पाच वर्षं दर रविवारी ती बसने तिथे जाते, विहिरीतलं पाणी मोजते, खुंट्यांमधलं अंतर मोजते. नगरपालिकेत गेली की तिला सांगतात, बाई, तुम्हीच ना त्या हलगर्जीपणावाल्या? ती मापं तिने महिनाअखेर मला पाठवली, तीही या फॉर्म्यात आहेत. पहिल्या चार वर्षांत मिळून खुंट्या दोन बोटं सरकल्या. या जानेवारीत एकाच महिन्यात चार बोटं.

आज सतरा फेब्रुवारी. नगराध्यक्षबाई, आता ते छापील आहे. गावाच्या नावासकट छापील आहे. कुलगुरू महाशय, विद्यापीठाच्या शिक्क्यासकट आहे, आणि प्रस्तावना तुमची आहे. ग्रंथाच्या दोन प्रती काल सकाळीच समितीकडे आणि सरकारी वकिलांकडे गेल्या आहेत. माझं जे व्हायचं ते होवो. मी त्यासाठी इथेच, याच गावात राहणार आहे.

आयोजकांनी एवढा थाटाचा समारंभ केला, फुलं आणली, वाद्यवृंद आणला, त्यांचे मनापासून आभार. बोलण्यात फार वेळ घेतला, कुणाचं मन दुखावलं, आनंदाच्या दिवशी विरजण घातलं, त्याबद्दल या सभागृहाने मोठ्या मनाने मला क्षमा करावी. बाकीची क्षमा मी इथे मागत नाही, ती तुमच्या हातात नाही.

शाल मी घेणार नाही. तेवढं एक पान मात्र आत्ता, माझ्यासमोर, सगळ्यांनी उघडा. पान चारशे एक्क्याण्णव, तळाची ओळ. मोठ्याने वाचतो. "पाडिना. उताराखाली घरं आठ. माणसं एकतीस." बर्फ वितळायला तीन आठवडे आहेत. माणसं अजून एकतीसच आहेत.