आमच्या घरातली लीग

नाही, नाही, तसं नाही जमायचं — आणि जरा हळू बोला, आत ऐकू जातं. ह्यांचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, पण कान पहिल्यापासून तिखट ते अजून तिखटच. बाहेर येताना दार लोटलंत ना? थोडं उचलून लोटावं लागतं, खाली घासतं ते — मी आपली इथे दाराकडे पाठ करून बसते, काय करणार, उजेड ह्या खिडकीशीच येतो आणि ह्या पँटी उद्या द्यायच्यात. बसा. स्टुलावरचे कपडे ठेवा खाली. तर काय म्हणत होतात — पुढच्या रविवारी ह्यांना चाकाच्या खुर्चीत घालून मैदानावर न्यायचं, पहिल्या रांगेच्याही पुढे बसवायचं, गळ्यात पिवळा रुमाल, मांडीवर फलक. दाखवा बघू फलक. 'आम्हाला पुसून टाकू नका.' बरं आहे. अक्षर कुणाचं, तुमचंच का? सगळ्यात जुना पाठीराखा म्हणून फोटो काढणार, तो लीगच्या साहेबांकडे पाठवणार, साहेबांना पाझर फुटणार. नाही हो, चेष्टा नाही करत. बघणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येईल, मला माहीत आहे. पण ह्यांना नाही नेता यायचं.

प्रकृतीचं नाही. प्रकृतीला काय, खुर्चीत बसतात ते, मी रोज बसवते गॅलरीत. आणि मला तुमची लढाई कळत नाही असंही समजू नका. फुटबॉल लीगवाल्यांनी सोळाच्या दहा टीम करायचं काढलंय, तळाच्या टीम एक तर बंद करायच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या पोटात घालायच्या, आणि आपले पिवळे जायचे पुलापलीकडच्या निळ्यांच्या पोटात — नवं नाव, नवा रंग, आपलं मैदान विकायला. माहीत आहे सगळं. खालचा किराणावाला दिवसभर दुसरं बोलत नाही. त्याने शटरला पिवळा रंग फासला, आणि त्याचाच मेहुणा म्हणतो, बरं झालं, निदान जिंकणारी टीम तरी मिळेल — दोघांचं बोलणं बंद आहे. वरच्या मजल्यावरचा बस ड्रायव्हर म्हणतो, मेलो तरी निळ्यांसाठी टाळी वाजवणार नाही. आणि पोराला निळा शर्ट आधीच घेऊन ठेवलाय. मला कसं कळलं? मीच बाह्या कमी करून दिल्या. अशी तुमची माणसं. तोंडाने पिवळी. पुढच्या रविवारी किती येतात बघा, आणि मग मला सांगा.

का नाही नेता यायचं — सांगते, पण हे तुमच्या पाठीराख्यांच्या मंडळात जायला नको. मघाशी आत त्यांना नमस्कार केलात तेव्हा मी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बसा म्हणून, आठवतंय? त्याचं कारण आहे. ह्यांच्या लेखी आपली टीम पहिली आहे. हसू नका. पहिली, सगळ्या लीगमध्ये. झटका आला तो मैदानावरच, तुमच्याच लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं, उपकार आहेत. घरी आणलं आणि त्या रविवारी मी खरं ते सांगून मोकळी झाले — हरलो, चार-शून्य. तर तोंडात घास घेईनात. ओठ मिटून घेतले, डाव्या हाताने वाटी उडवली. डॉक्टर म्हणाले, मनाला लागेल असं काही कानावर घालू नका. मग पुढच्या रविवारी म्हटलं, जिंकलो. काय बिघडलं? एक खोटं. पण एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो आणि दुसऱ्याला तिसऱ्याचा. गोल कुणी मारला, हे त्यांना विचारता येत नाही, पण डोळे विचारतात. मला कुठे माहीत टीममध्ये कोण आहे — ह्यांच्या वेळचे सगळे तर केव्हाच सोडून गेले. म्हणून मी एक पोरगा केला. टाचणी. काडीसारखा उंच, डोकं एवढंसं. त्याच्या मापाचा शर्ट क्लबला मिळेना, तेव्हा मीच बाह्या लांब करून दिल्या, असंही सांगितलं ह्यांना. एवढे खूश झाले. नाही, तसा कुणी नाहीच टीममध्ये, तुम्ही आठवत बसू नका. तो फक्त ह्या घरात आहे.

टीव्ही बहिणीकडे पोचता केला, बिघडलाय म्हणून सांगितलं. मैदान तळ्याच्या अंगाला, तिकडचा आवाज इथवर येत नाही, आणि ओरडायला आता असतं कोण. ह्यांचे मित्र आधी आधी यायचे, बसायचे, मग यायचे थांबले — ते त्यांच्या पायांनी थांबले, मी कुणाला नको म्हटलं नाही. म्हणजे दोघांना म्हटलं. तर आता लीग मी चालवते. तुमचे साहेब दहा टीम करणार म्हणे — मी तर कधीच आठ केल्या. एवढी नावं कोण लक्षात ठेवणार, गिऱ्हाइकांची मापं ठेवायची की टीमची नावं? एकीचा मालक पळून गेला म्हणून सांगितलं, एकीचं मैदान पुरात घातलं. निळे मात्र ठेवले. निळे नसले तर जिंकायचं कुणाशी. सुरुवातीला मला पेनल्टी म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं, आणि आता शिवता शिवता सगळा सामना डोक्यात तयार होतो, रेफरीने कुठे चूक केली, ऊन कुठल्या बाजूला होतं—

आले हो, आले. ऐकलंत ना? पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवतात डाव्या हाताने. एकदा वाजवला की पाणी, दोनदा की कूस बदल, आणि असं सारखं टिकटिक लावलं की सामना सांग. आज रविवार ना. थांबा हो जरा, माणसं आलीत. — आज आपली टीम बाहेरगावी होती, हो ना? किती गोल खाल्ले? पाच? बघा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

काय म्हणालात? त्यांना खरं कळायला हवं, हक्क आहे त्यांचा? हे बघ बाळा — तुम्ही तुम्ही म्हणतेय खरी, पण तू माझ्या मुलीच्या वयाचा — हक्काचं मला नको सांगूस. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा वाटलं होतं, नवऱ्याला एक नाद आहे, असतो पुरुषांना, चालायचंच. नाद नव्हता रे, सवत होती. कारखान्यात वेल्डर होते हे, हात सोन्यासारखे, दारू नाही, शिवी नाही, सगळे म्हणायचे नशीब काढलंस. सहा दिवस माणूस माझा, आणि सातव्या दिवशी तिचा. आमची मुलगी लहान होती, शाळेत नुकती जायला लागलेली. तापाने फणफणली, कान दुखतो म्हणून रात्रभर कण्हत होती. सकाळी म्हटलं, दवाखान्यात नेऊ. म्हणाले सामना आहे, निळ्यांशी, आलो की नेतो. स्कूटर घेऊन गेले. तेव्हा ह्या भागात दुसरं वाहन मिळायचं नाही. मी तिला मांडीवर घेऊन ह्याच खिडकीत बसले. कानातून पाणी यायला लागलं, मग रडायची थांबली. मला वाटलं बरं वाटलं तिला. जिंकले होते त्या दिवशी. जिन्यातूनच ओरडत आले, जिंकलो, जिंकलो. मुलीचा तो कान गेला. कायमचा. मी काही बोलले नाही, इतक्या वर्षांत कधी नाही. काय बोलणार — मी बोलायचं आणि त्यांनी म्हणायचं, मला काय माहीत होतं. भिंतीलाही कान असतात म्हणतात, आमच्याकडे पोरीलाच एक कमी.

टिकटिक थांबली बघ. झोप लागली वाटतं. बरं झालं. पाणी हवं तुला? नको? बस मग, ही शिवण तेवढी उसवू दे.

तू मंडळाचा माणूस, तुला म्हणून सांगते, मुलीलाही नाही सांगितलेलं. ह्या हिवाळ्यात तिचा फोन आला. नोकरी होता होता राहिली. दिवसभर फोन घ्यायचं काम, त्यांनी कान तपासले आणि म्हणाले, जमणार नाही. ती रडली नाही. म्हणाली, जाऊ दे आई, बाबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. त्यांना वाईट वाटेल. मी फोन ठेवला, आत गेले, खुर्ची ओढून बसले. रविवारच होता. हे चमचा धरून वाट बघत होते, चेहरा असा, लहान मुलाला खाऊची पुडी दिसावी तसा. आणि मी टाचणीचा पाय मोडला. हाफटाइमच्या जरा आधी. निळ्यांचा एक दांडगा खेळाडू सरळ अंगावर आला, म्हटलं, आणि हाड मोडल्याचा आवाज पार वरच्या रांगेपर्यंत गेला. पोरगा गवतावर पडून कण्हत होता. दवाखान्यात न्यायला गाडीच नव्हती. होती एक, पण ती कुणीतरी घेऊन गेलं होतं. सामना संपल्यावर नेऊ म्हणाले. नेला संध्याकाळी. सगळं सावकाश सांगितलं मी, काही गाळलं नाही. हे रडले. त्यांच्या एकाच डोळ्यातून पाणी येतं आता, ते कानात जात होतं. मी पुसलं नाही. बाहेर येऊन पान वाढून घेतलं, आणि खोटं कशाला सांगू, किती वर्षांनी जेवण गोड लागलं.

मग चटक लागली. पुढचे चार-पाच रविवार ओळीने हरवले. राग होता तो पहिल्या दिवसापुरता, नंतर राग नव्हता — नुसतं बघायचं होतं मला. मशीन मारता मारता ठरवायचे, आज दोनने की तीनने. वाळत चालले ते. डॉक्टर म्हणाले, जेवतात का नीट? तेव्हा घाबरले, परत जिंकवायला लागले, टाचणीला बरा केला, धावायला लावला. तोंडाचं एक टोक वर गेलं ह्यांचं, हसले. आणि तुला सांगते, सगळा संसार झाला, ह्या माणसाने माझ्या तोंडाकडे कधी धड बघितलं नव्हतं. आता दार उघडलं की डोळे माझ्या तोंडावर खिळतात — काय घेऊन आली आज, जीत की हार. मला ते आवडतं. लाज वाटते, नाही असं नाही, पण आवडतं जास्त. तुझे ते साहेब टेबलाभोवती बसून ठरवतात, कुणाला बुडवायचं, कुणाला तारायचं, आणि तुम्हाला त्यांचा संताप येतो. येऊ दे, यायलाच हवा. मला नाही येत. त्यांना कसं वाटत असेल ते मला माहीत आहे.

म्हणून नाही नेता यायचं. नेलंस की कळेल त्यांना — टीम तळाला, मैदान ओस, सगळा बाजार उठलेला. टाचणी कुठे दिसतो म्हणून शोधत राहतील आधी. आणि मग वळून माझ्याकडे बघतील. ते बघणं मला झेपायचं नाही. तुमची लीग तुम्ही वाचवा, नाहीतर बुडवा. ह्या घरात पिवळे खेळत राहतील, हे आहेत तोवर. एवढंच आहे माझ्याकडे, ते नको काढून घेऊस. फोटोला दुसरा कुणी म्हातारा बघ, खूप आहेत—

काय झालं? असा काय बघतोस? माझ्याकडे नाही, मागे काय बघतोस माझ्या?

दार. तू लोटलं होतंस ना? उचलून लोटायचं असतं रे. सांगितलं होतं मी, घासतं म्हणून. केव्हापासून उघडं आहे?

अहो. जागे आहात होय? मला वाटलं डोळा लागला. अहो, आज जिंकलो आपण. दोन-एक. टाचणीनेच मारला, शेवटी शेवटी, डोक्याने. ऐकलंत? पाणी देऊ का? कूस बदलायची आहे? वाजवा ना चमचा. एकदा वाजवा. हातातच तर आहे.

तू जा आता. फलक घे तुझा. जाताना दार ओढून घे. ते नको. बाहेरचं.