रबराचीच तं होती

हॅलो?… हो राखी, मीच वं, माय… नाही, तुहे बापू वावरात नाही गेले. खोटं बोलली मी सकाळी… अवं ऐकून तं घे आधी!

काल पाण्याच्या मोर्चात गेलते. तिकडं कोणीतरी दगडं फेकले, अन् पोलिसायनं गोळ्या मारल्या… अवं रबराच्या! रबराचीच तं होती, म्हणून घाबरलो नाही आम्ही… डोळ्याले लागली त्यायच्या. डाव्या.

दवाखान्यात काहून नाही नेलं? त्यायलेच इचार! म्हणतेत, तिथं नाव लिहितेत, मंग पोलीस घरी येतेत. बैलाचं शिंग लागलं म्हणून सांगू म्हणत होते… हो, हो, डॉक्टरले खरंच सांगा लागते, समजलं.

डोळा? सुजला, लालभडक झाला. जराशी फट उघडते. मी शेकून राह्यली ना, कालपासून, गरम फडक्यानं… काय? ओरडू नको माह्यावर! मी का तुह्यासारखी नर्स आहो? मले काय ठाऊक, रबरानंबी डोळा आतून फुटते म्हणून? मी तं दाबून दाबून शेकलं वं, राखी…

हो… हो. धुवायचा नाही, दाबायचा नाही. वरून वाटी… स्टीलची? कडा हाडावर टेकवायच्या, डोळ्याले लागू द्यायची नाही. बरं… चहाबी नाही? आवो, आणा इकडं तो कप! पोरगी म्हणते, ऑपरेशन लागलं तं पोट रिकामं पाह्यजे… काही नाही, बडबड करून राह्यले. म्हणतेत, मले सगळं दिसते.

बोटं दाखवू? आवो, किती बोटं हे?… दोन म्हणतेत! बरोबर सांगितलं वं! दिसते त्यायले!… काय? उजवा झाकून?

थांब… लबाडी नका करू, मीच झाकते. हं, सांगा आता… तीन म्हणतेत. लगेच सांगितलं.

राखी… मी हात वर केलाच नाही वं.

त्यायनं भिताडाकडं तोंड केलं… मी नाही रडत. तू नको रडू… शेजारच्या हरिसिंगची जीप दारातच उभी आहे. बाभुळगाववरून तासाभरात यवतमाळ. आता त्यायचं काही ऐकत नाही मी. नाव लिहितीन तं लिहू दे, संगं माहंबी लिहा म्हणते! तू तुह्या दवाखान्याच्या दाराशी उभी राह्य, डॉक्टरले सांगून ठेव… हो, वाटी बांधते… हो वं माय, नाही दाबत!

ठेव आता. त्यायचा हात धरा लागते.