चिवड्याचा अर्धा वाटा

झाशीच्या बसस्टँडवर, चिरगाँवच्या बसच्या रांगेत, माझ्या पुढे एक आजोबा आणि त्यांची नात उभे होते. नातीच्या हातात बँकेच्या परीक्षेचं पुस्तक होतं, आजोबांच्या हातात स्टीलचा डबा.

"आजोबा, ऐका ना. दोन भागीदार आहेत. दुसऱ्याचा नफ्यातला वाटा किती?"

"नफा किती झाला?"

"उत्तर नाही काढायचं. दिलेली माहिती काफी आहे का, एवढंच सांगायचं. पहिल्याने दुप्पट पैसे लावले, हे दिलंय. एकूण नफाही दिलाय."

"मग पुरे आहे. अर्धा."

"अर्धा कसा? आणि कोण किती महिने होता, ते दिलंच नाही. इसलिए माहिती अपुरी."

"अनुश्री, खंडेराव गेटच्या दुकानात पैसे सगळे माझे होते. दत्तात्रेयाने फक्त कढई सांभाळली. बबीन्याच्या छावणीतल्या फौजींच्या बायका त्याच्याच हातचा चिवडा मागायच्या. पाडव्याला बसून आम्ही नफा अर्धा अर्धा करायचो. एक वर्ष तो आजारी होता, तेव्हाही."

"पुस्तकात असं नाही चालत."

"नसेल चालत."

"और दुकान बंद होऊन तर किती साल झाले."

"झाले. यंदा चिवडा मी घरी केला. अर्धा घरी ठेवला, अर्धा ह्यात आहे."

"पण आजोबा, दत्तात्रेय आजोबांना आता दात कुठे आहेत?"

"बस आली, हा डबा घे, सरळ धर. तुझ्या गणितात वाटा विचारलाय, दात नाहीत विचारले."