झटपट तलवार

महाडात फासे टाकून लढाया खेळणारे आम्ही दोघंच, मी आणि इम्रान. या खेळात तलवार उपसण्यात एक डाव फुकट जातो. तो वाचवायला माझ्या लढवय्यासाठी मी ‘झटपट उपसणे’ हे कौशल्य कागदावर लिहून घेत होतो. तेवढ्यात काका आले, निवृत्त मास्तर.

“कॉलेज सोडून हे धंदे?”

“तुमच्यासारखे मास्तर बघूनच सोडलं.”

काका चपला घालून निघून गेले. इम्रानने माझ्या कागदावरचं ते कौशल्य खोडून टाकलं.

“हे तुला कशाला रे? तुझी तलवार म्यानात असते कधी?”

चार दिवसांनी तो दुबईला गेला. आता दोघांचेही फासे मीच टाकतो. काका रस्त्यात भेटतात, पण काहीच विचारत नाहीत. माझं उत्तर मात्र तयार असतं.